किती मासे मलूल आहेत, ते आधी मोजा

मासा तळाशी बसून राहिला, खायला वर येईना, की दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते आणि अंदाजाने काही थेंब टँकमध्ये पडतात. माझ्याकडे मासे दाखवायला येणाऱ्या बहुतेक घरांत हे आधीच होऊन गेलेलं असतं. मी इंदूरला शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर घरात टँक वाढत गेले, आणि आता रामबागेतली मुलं बरणीत, डब्यात, पिशवीत मासा घेऊन दारात उभी राहतात. "आजी, हिला काय झालंय बघा ना." माशाकडे बघण्याआधी मी विचारते, बाकीचे कसे आहेत?

पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. सगळे मासे काही तासांत एकदम बिघडले असतील तर तो बहुधा रोग नसतो. पाण्यात काहीतरी गेलेलं असतं किंवा पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. आज एक, परवा दोन, आठवड्याने निम्मे, असं पसरत असेल तर संसर्ग आहे. आणि बाकी सगळे खातपीत, हुंदडत असताना एकच मासा कोपरा धरून असेल तर दुखणं बहुतेक त्याचं स्वतःचं आहे. या तीन गोष्टींवरचे उपाय एकमेकांच्या उलट जाऊ शकतात. गुदमरणाऱ्या माशांच्या पाण्यात फॉर्मॅलिन असलेलं औषध ओतलं तर उरलासुरला प्राणवायूही कमी होतो. म्हणून बाटलीचं झाकण उघडण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि मोजा.

सगळे एकदम वर आले तर

सगळे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत लटकले असतील तर कारण नंतर शोधा. एअर पंप पूर्ण जोरात लावा. पंप नसेल किंवा वीज गेली असेल तर टँकमधलंच पाणी मगात घेऊन उंचावरून परत ओतत राहा. मग एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी टँकच्या तापमानाचं आणि क्लोरीन गेलेलं हवं. फायटर आणि गुरामी यांना हवेतून श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो, ते अधूनमधून वर येऊन हवा गिळतात, त्याची काळजी नको. गोल्डफिश, गप्पी, टेट्रा असे लटकले तर मात्र एक मिनिट घालवू नका.

आपल्याकडे याचं पहिलं कारण नळाचं पाणी. नर्मदाकाठच्या जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी नळाला एकाआड एक दिवस येतं आणि त्यात क्लोरीन असतं. नळ आले, बादल्या भरल्या, त्याच सपाट्यात टँकचंही पाणी बदललं, आणि संध्याकाळी सगळे मासे वर. क्लोरीन कल्ल्यांचं नाजूक आवरण जाळतं. तेच पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे करणारा खडा, सोडून चोवीस तास ठेवलं की क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट बाटलीवरच्या मापाने घाला. आपण इंदूरकर नाहीतरी पाणी साठवतोच. त्यातली एक बादली माशांच्या नावाची ठेवा, जिला साबण कधी लागणार नाही.

दुसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही ते म्हणजे फवारणी. समोरच्या इमारतीतल्या एका वहिनींचा फोन आला की सगळे मासे गोल गोल फिरतायत, झटका येऊन उलटे होतायत. गेले तर घरभर झुरळांच्या औषधाचा वास. फवारणी स्वयंपाकघरात झाली होती आणि टँक बैठकीत, म्हणून कोणी तो झाकला नव्हता. पण एअर पंप दिवसभर घरातली तीच हवा ओढून पाण्यात सोडत होता. आम्ही पंपाला लांब नळी जोडून तो गॅलरीत नेला, निम्मं पाणी बदललं, फिल्टरमध्ये विष शोषून घेणारा कोळसा, म्हणजे ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरला आणि दोन तासांनी पुन्हा निम्मं पाणी बदललं. छोटे टेट्रा गेले, एंजलची जोडी तगली. झुरळांच्या आणि डासांच्या औषधांत पायरेथ्रॉइड नावाची रसायनं असतात, ती माशांना अगदी अल्प प्रमाणातही जहाल विष आहेत. फवारणी असेल त्या दिवशी टँकवर प्लॅस्टिक टाका, पंप बाहेर न्या, खोली चांगली हवेशीर झाल्यावरच परत आणा. डासांच्या धुराची गाडी गल्लीत शिरली की खिडकी लावा. दिवाळीआधी भिंतींना रंग दिलात तरी हेच. आणि रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आलेल्या मुलांना हात घासून धुतल्याशिवाय टँकजवळ येऊ देऊ नका. सगळ्यांना रंगलेल्या हातांनी माशांना खाऊ घालायचा असतो.

उन्हाळ्याचं गणित सरळ आहे. पाणी तापतं तसा त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात दुपारी वीज गेली की गर्दीच्या टँकमध्ये तासाभरातही मासे वर येऊ शकतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा.

पाणी मोजणं

यातलं काही नसेल तर अमोनिया बघा. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं या सगळ्यांचा शेवटी अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून वाढदिवसाला टँक आणून त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते जाऊ लागतात आणि घरचे म्हणतात, दुकानदाराने आजारी मासे दिले.

थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा ते जास्त भरवशाचं असतं. अमोनिया शून्य हवा, नायट्राइट शून्य हवं, नायट्रेट ४० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमच्या, खाली. अमोनिया ०.२५ दिसला तरी पाणी बदला आणि खाणं बंद करा. १ वर गेला तर त्याच दिवशी निम्मं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी परत. इथे पीएचही, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कधर्मी तेही, बघायला हवा. पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो. माळव्यातल्या काळ्या दगडातून येणारं बोरिंगचं पाणी बरेचदा जड असतं, बादलीला पांढरा थर धरतं आणि पीएच वर नेतं. त्यामुळे नर्मदेच्या पाण्यात निभावून गेलेला अमोनिया बोरिंगच्या पाण्यात मासे मारतो. सहा महिने पाणीच न बदललेल्या टँकचं सगळं पाणी एका रविवारी बदलू नका, ते याचसाठी. जुन्या पाण्यात पीएच खाली गेलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात साठलेला असतो. नव्या पाण्याने पीएच एकदम चढला की तोच अमोनिया विष होतो. अशा टँकमध्ये रोज दहा टक्के बदला.

नायट्राइट चढलं असेल तर माशाचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, कल्ले तपकिरी दिसतात. यावर मिठाचा चांगला उपयोग होतो, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. लिटरला अर्धा ग्रॅमही पुरतं. पाणी बदलणं चालू ठेवायचंच.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं ही घराघरातली सवय आहे. क्लोरीनने सगळी वस्ती मरते आणि आठवड्याभरात अमोनिया वर येतो. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळा, बस.

टॉर्च घेऊन बसा

पाणी चांगलं निघालं तर आता मासा बघा. रात्री खोलीतला दिवा मालवा, पाचेक मिनिटं थांबा आणि टॉर्च काचेला तिरपा धरून बाजूने उजेड टाका. समोरून टाकलेल्या उजेडात बारीक पुरळ दिसत नाही. आधी कल्ले बघा. किती वेगाने हलतात ते त्याच जातीच्या ठणठणीत माशाशी ताडून बघा, कारण प्रत्येक जातीचा आणि तापमानाचा वेग वेगळा. एकच कल्ला हलत असेल, दुसरा मिटलेला असेल, तर कल्ल्यात चिकटलेले कृमी असण्याची शक्यता मोठी. पर अंगाला चिकटवून घेतलेत का? खड्यांवर, हीटरवर अंग घासतोय का? डोळा एक बाहेर आलाय की दोन्ही? एक आला असेल तर बहुतेक मार लागलाय, दोन्ही आले असतील तर आतला आजार किंवा खराब पाणी. विष्ठा बघा, पांढरी, दोऱ्यासारखी लांब आणि मासा खायला नाकारतोय, तर आतड्यात परजीवी असू शकतात. फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्करमध्ये यासोबत डोक्यावर खड्डे पडतात. शेवटी वरून बघा. खवले अंगाला बसलेले हवेत. वरून पाहताना ते उभे राहिलेले दिसले तर ती ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठण्याचं दुखणं.

हे सगळं वहीत लिहा, तारीख घालून, आणि मोबाईलवर फोटो काढा. कालच्यापेक्षा आज ठिपके वाढले की कमी झाले हे दोन फोटो समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

पांढरे ठिपके

जानेवारीत वरच्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा गोल्डफिश घेऊन आला. "आजी, हिच्या अंगाला रवा चिकटलाय." त्याने बरोबर पाहिलं होतं. सारख्या आकाराचे, थोडे वर आलेले, पांढरे कण, शेपटीवर, परांवर, अंगावर. मी आधी एक शंका फेडून घेतली. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर असेच पांढरे कण येतात, ते नराचं लक्षण आहे, रोग नव्हे. कण तेवढ्याच जागी असतील आणि मासा मजेत असेल तर काहीही करू नका. या मासळीच्या शेपटीवरही होते, ती खडे घासत होती आणि घरच्या दुसऱ्या माशालाही दोन दिवसांनी आले. म्हणजे व्हाइट स्पॉट.

हा रोग आपल्याकडे हिवाळ्यात का वाढतो ते सांगते. माळव्याच्या रात्री थंड. जानेवारीत दुपारी अंगणात ऊन असतं आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. हीटर नसलेल्या छोट्या टँकचं पाणी रोज खालीवर होतं. त्या ताणाने माशाची प्रतिकारशक्ती खालावते आणि परजीवी उठतो.

त्याचं चक्र समजून घेतलंत तर उपचार अर्धा झाला. अंगावर दिसणारा कण म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोसला जाणारा परजीवी. कातडीच्या आड असल्यामुळे त्याला औषध लागत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो, कवच करतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत मासा शोधायला निघतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. त्यांना दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. २५ अंशांच्या आसपास हे सगळं आठवड्याच्या आत होतं, थंडीत ते कित्येक आठवडे लांबतं. म्हणूनच ठिपके गेले म्हणून औषध थांबवलं की पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपके येतात. ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार किमान आठवडाभर चालू ठेवायचा. आणि अख्ख्या टँकला द्यायचा, ठिपके असलेल्या एका माशाला नव्हे. इथे मासा वेगळा काढून उपयोग नाही.

मुलाच्या टँकसाठी आम्ही असं केलं. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने ५६ लिटर, पण वरची दोन इंच रिकामी आणि तळाला खडी, म्हणजे खरं पाणी ४२ लिटरच्या आसपास. औषध नेहमी खऱ्या पाण्यावर मोजा. टँक पहिल्यांदा भराल तेव्हा बादल्या मोजून काचेच्या मागे आकडा लिहून ठेवा. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे मीठ ८५ ग्रॅम लागलं. ते वजनकाट्यावर मोजून तीन भाग केले, प्रत्येक भाग बादलीत विरघळवून बारा-बारा तासांनी घातला. मीठ जाडं, साधं. खडे तसेच टाकू नका, माशाच्या अंगाला लागले तर भाजतात. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलाल तेव्हा जितकं पाणी काढलं तितक्याच पाण्याचं मीठ परत घालायचं, नुसतं वाफेने कमी झालेलं पाणी भरताना अजिबात नाही. हीटर साधारण लिटरमागे एक वॅटचा, म्हणून पन्नास वॅटचा लावला आणि तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत २८ वर नेलं. गप्पी, टेट्रा, एंजल असतील तर ३० पर्यंत न्या. ऊन पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून एअर स्टोन जास्तीचा. पाणी बदलण्याआधी हीटरचं बटण बंद करून काही मिनिटं थांबा, उघडा पडलेला तापलेला हीटर तडकतो. दर दोन दिवसांनी नळीने तळ उपसून थोडं पाणी काढायचं, त्याबरोबर कवचं निघून जातात.

टँकमध्ये झाडं, गोगलगाई, झिंगे असतील तर मीठ त्यांना सोसत नाही. लोच आणि कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या माशांना लिटरला एक ग्रॅमच्या वर जाऊ नका. मिठाने चार-पाच दिवसांत फरक दिसला नाही तर मॅलॅकाइट ग्रीन असलेलं औषध घ्या. त्याआधी फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. बिनखवल्यांच्या माशांना निम्मी मात्रा. हातात रबरी मोजे घाला, हे रसायन माणसालाही चांगलं नाही. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टँकमध्ये घालू नका. ते फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंना मारतं आणि काचेच्या जोडांतलं सिलिकॉन निळं करून ठेवतं. त्याची जागा दवाखान्याच्या टबात, म्हणजे आजारी माशासाठी वेगळ्या ठेवलेल्या टबात, अंड्यांवरच्या बुरशीसाठी.

ठिपक्यांसारखे दिसणारे आणि न दिसणारे

टॉर्चच्या उजेडात कण सुटे न दिसता अंगावर सोनेरी-पिवळी भुकटी चमकली तर तो वेल्व्हेट. फायटरमध्ये हा बरेचदा दिसतो. हा परजीवी उजेडावर वाढतो, म्हणून दिवा बंद, टँकवर चादर, आणि तांबं असलेलं औषध बाटलीवरच्या मापाने. तांबं झिंग्यांना आणि गोगलगाईंना मारतं.

तोंडावर पांढरं दिसलं की सगळे त्याला बुरशी म्हणतात. फरक ओळखायला शिका, कारण एकात दोन-चार दिवस हातात असतात आणि दुसऱ्यात एक. खरी बुरशी जुन्या जखमेवर येते, तिचे लांब तंतू पाण्यात हलताना दिसतात, सावकाश वाढते. कॉलम्नारिस हा जिवाणूंचा रोग आहे. ओठांवर चपटा, करडा-पांढरा, कडेने पिवळसर थर येतो, किंवा पाठीवर आडवा फिकट पट्टा, आणि मासा सकाळी खात असतो तो रात्रीपर्यंत जातो. व्हाइट स्पॉट समजून इथे हीटर वाढवलात तर रोग पेटतो, कारण या जिवाणूंना ऊब मानवते. हीटर २३-२४ अंशांवर आणा, हवा वाढवा, मासा लगेच वेगळा करा आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोटो दाखवून अँटिबायोटिक त्यांच्याकडून लिहून घ्या. घरातली उरलेली कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. मात्रा चुकते, रोग मरत नाही आणि फिल्टर मात्र मरतो.

परांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या, पांढऱ्या किंवा लालसर झाल्या, तर फिन रॉट. हा जवळजवळ नेहमी अस्वच्छ पाण्याचा परिणाम असतो. एक दिवसाआड तीस टक्के पाणी बदला आणि लिटरला एक ग्रॅम मीठ घाला, पंधरवड्यात कडा भरू लागतात. नवा पर आधी पारदर्शक येतो. तो पाहून पुन्हा सडतंय समजू नका.

तळ्यातून आणलेल्या गोल्डफिश-कोईच्या अंगातून बारीक काडी बाहेर आलेली दिसली तर तो अँकर वर्म. मासा ओल्या मऊ कापडात धरा, डोळे झाका, चिमट्याने कृमी अगदी कातडीजवळ पकडून शेपटीच्या दिशेने हळू ओढा. जखमेला पोव्हिडोन आयोडीनचं बोट, कल्ल्यापासून दूर. अंडी टँकमध्ये राहिलेली असतात, म्हणून पुढचा महिनाभर नजर ठेवा.

एकच मासा, बाकी खुशाल

इथे मासा वेगळा काढण्यात अर्थ आहे. दहा-पंधरा लिटरचा प्लॅस्टिकचा टब, तळ रिकामा, त्यात मुख्य टँकचंच पाणी, एअर पंपवरचा स्पंज फिल्टर, लपायला कपबशीतला एक कप. रोज चौथा हिस्सा पाणी बदला. झाकण हवं, आजारी मासाही उडी मारतो.

गुबगुबीत गोल्डफिश उलटा तरंगत असेल किंवा शेपटीवर उभा राहत असेल तर बहुतेकदा बद्धकोष्ठ. दोन-तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला अर्धा मटार. यानंतर कोरडं खाणं भिजवूनच द्या. पाहुण्यांनी हौसेने टाकलेली शेव आणि पोळीचे तुकडे बंद करा, तेल आणि मसाला माशाच्या पोटासाठी नाहीच.

अंगावर काळे डाग आले म्हणून घाबरून येणारे खूप असतात. अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना गोल्डफिशमध्ये काळी पडते. पाणी मोजा. पाणी चांगलं असेल तर तो डाग भरून येतोय, काही आठवड्यांत फिका होईल.

ड्रॉप्सीबद्दल खरं तेच सांगते. खवले उभे राहिले म्हणजे मूत्रपिंडांनी पाणी बाहेर टाकणं सोडलंय, आणि यातून थोडेच मासे उठतात. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वीस लिटरला एक चहाचा चमचा, साधं मीठ नाही. त्याने सूज उतरायला मदत होते. मासा खात असेल तोवर प्रयत्न करा.

जो खात नाही, पोहत नाही, कुशीवर पडून आहे, त्याला संडासात सोडून पाणी ओढणं किंवा पाण्याबाहेर ठेवणं हे क्रूर आहे. औषधाच्या दुकानात मिळणारं लवंगाचं तेल लिटरला अर्धा मिलिलिटर, आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्यासोबत जोरात हलवून दुधाळ करा, मग माशाच्या टबातल्या मोजक्या पाण्यात सावकाश मिसळा. मासा झोपतो, कल्ले थांबतात. थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवा. मुलं घरात असतील तर त्यांना खरं सांगा, ती समजून घेतात.

हात आणि नवे मासे

पाणी काढायची नळी तोंडाने ओढू नका. माशांना होणारा क्षयासारखा एक जिवाणुरोग माणसाच्या कातडीत, विशेषतः बोटावरच्या कापलेल्या जागेतून शिरतो आणि महिनोन्महिने न भरणारी गाठ करतो. मासा खंगत जाऊन पाठ वाकडी झाली असेल तर रबरी मोजे घालूनच हात घाला. टँकमध्ये हात घातल्यानंतर जखम चिघळली तर डॉक्टरांना टँकचं सांगा, नाहीतर त्यांच्या मनात ते येणार नाही.

संसर्गाचे जे आजार माझ्यापर्यंत येतात त्यांतले बहुतेक नव्या माशाबरोबर आलेले असतात. दुकानात मासा निवडताना त्याच टँकमधला एखादा मेलेला किंवा अंग घासणारा दिसला तर त्या टँकमधलं काहीच घेऊ नका, भैयाने कितीही कमी भावात दिलं तरी. घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, मासा जाळीने उचलून आधी दवाखान्याच्या टबात सोडा आणि तीन-चार आठवडे तिथेच ठेवा. तोवर टबाची जाळी, नळी, फडकं सगळं वेगळं. आधी मुख्य टँकचं काम उरका, मग टबाचं. काम संपल्यावर जाळी उन्हात पूर्ण वाळवा, हाताला ओल लागता कामा नये.